सरंगा, कापरी आणि हलवा

ज्या घरांत मासा शिजत नाहीं अशा पुष्कळ घरीं हा अंक उघडला जाईल. तेथील वडीलधाऱ्या मंडळींनीं वरचा मथळा पाहून पान उलटूं नये, अशी आरंभींच विनंति आहे. हा लेख पाककृतीचा नाहीं. मासा खावा कीं न खावा हा ज्याच्या त्याच्या घराण्याच्या आचाराचा प्रश्न. आमच्या वाचकवर्गांत भातावर मेतकूट-तूप घेऊन तृप्त होणारीं घरें आहेत, तशीं हुमणाशिवाय ज्यांचा रविवार सुना जातो अशीं सारस्वत घरेंहि आहेत. परंतु एका माशापासून दुसरा मासा वेगळा ओळखणें ही निराळी विद्या आहे, व तिला सोंवळें-ओंवळें नाहीं. उलट, जे मासा खात नाहींत त्यांना तिचा अभ्यास अधिक निर्विकारपणें करतां यावा!

मुंबईच्या बाजारांत कोळणीच्या पाटींत ताटलीसारखे चपटे असे तीन मासे पुष्कळदां शेजारीं शेजारीं मांडलेले दिसतात. पहिला रुपेरी-पांढरा, परांचीं टोंकें विळ्यासारखीं लांब निमुळतीं. हा सरंगा, ज्याला आपण सर्रास पापलेट म्हणतों. दुसरा अंगानें अधिक रुंद, रंगानें करडा, आणि त्याचे पर बोथट, ही कापरी. तिसरा काळसर-तपकिरी; हा हलवा. इंग्रजी भाषेनें या तिघांनाहि ‘पॉम्फ्रेट’ या एकाच नांवाखालीं घेतलें आहे. पहिला रुपेरी पॉम्फ्रेट, दुसरा चिनी पॉम्फ्रेट, तिसरा काळा पॉम्फ्रेट. जणूं एकाच घरचे तीन भाऊ, एक गोरा, एक सांवळा, एक काळा! आतां यांतले सख्खे कोण, चुलत कोण, आणि केवळ चेहरेपट्टीच्या साम्यामुळें पंगतींत येऊन बसलेला परका कोण, हें ठरवावयाचें कसें?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें रुपेरी पापलेटास राज्याचा मासा म्हणून मान दिला. मान दिला तें योग्यच झालें. सातपाटीसारख्या गांवांचा संसार या माशानें पिढ्यान् पिढ्या चालविला आहे. परंतु गंमत अशी कीं, ज्याला हा मान मिळाला त्या आपल्या किनाऱ्यावरच्या माशाला शास्त्रीय ग्रंथांत दीर्घकाळ दुसऱ्याच एका माशाचें नांव चिकटलेलें होतें, आणि ती चूक दुरुस्त होऊन त्या वेळीं पुरतीं पांच वर्षेंहि झालीं नव्हतीं. ही चूक कशी झाली व कशी सुधारली, हें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

माशांची वर्गवारी आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असें नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत भक्ष्याभक्ष्याचा विचार करतांना पाठीन, रोहित, राजीव, सिंहतुंड अशीं नांवें येतात, व त्यांच्या जोडीला ‘सशल्क’, म्हणजे खवले असलेले, असा एक सबंध वर्गच येतो. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें ‘मानसोल्लास’ रचला. त्यांत मत्स्यविनोदाच्या प्रकरणांत माशांची पुष्कळ नांवें आहेत, आणि समुद्रांतले कोणते व नदींतले कोणते, खवले असणारे कोणते व नसणारे कोणते, मोठे कोणते व लहान कोणते, अशी व्यवस्थित मांडणी आहे. विसाव्या शतकांतले नामांकित मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें प्राणिशास्त्रज्ञांचें लक्ष त्याकडे गेलें. राजा गळ टाकणारा शोकीन असला पाहिजे. त्याशिवाय कोणत्या माशाला कोणतें आमिष द्यावें इतक्या बारीक गोष्टींत तो शिरता ना.

खवले आहेत किंवा नाहींत, ही खूण स्वयंपाकघरांतहि उपयोगी पडते. परंतु तिनें कुळें वेगळीं होतात, भाऊ वेगळे होत नाहींत. भावांना वेगळें करावयाचें तर मोजावें लागतें. ही मोजण्याची शिस्त ज्यानें घालून दिली तो स्वीडनचा पीटर आर्टेडी. पराच्या काड्या किती, पाठीचे मणके किती, अशा गोष्टी मोजून तो माशांचीं वर्णनें लिहीत असे. १७३५ सालीं ॲम्स्टरडॅम शहरांत रात्रीं घरीं परततांना तो कालव्यांत पडून बुडाला. वय अवघें तीस. जन्मभर माशांचा अभ्यास केलेल्या माणसाला पाण्यानेंच न्यावें, हा दैवदुर्विलास! त्याचीं हस्तलिखितें त्याचा मित्र कार्ल लिनीयस यानें सोडवून घेतलीं व १७३८ सालीं छापलीं. हाच लिनीयस पुढें जगप्रसिद्ध झाला. त्याच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचें नांव देण्याची पद्धति रूढ झाली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे आडनांव शेवटीं येतें, तेथें तें आधीं येतें, एवढाच फरक.

‘जाति’ हा शब्द वाचून कोणी दचकूं नये. शास्त्रज्ञांची जाति म्हणजे काय, याची सर्वांत लोकमान्य व्याख्या अर्न्स्ट मायर यानें १९४२ सालीं मांडली, आणि ती आपल्या शब्दांत सांगावयाची तर अशी कीं, ही जाति रोटीव्यवहार मुळींच पाहत नाहीं, बेटीव्यवहार तेवढा पाहते. ज्यांच्यांत निसर्गतः संतति होऊन वंश पुढें चालतो ते एका जातीचे. ज्यांच्यांत तसें होत नाहीं ते कितीहि सारखे दिसले तरी भिन्न. व्याख्या सुटसुटीत आहे, पण दहा-वीस वांव पाण्याखालीं माशांचीं लग्नें पाहावयास कोण जाणार? म्हणून शास्त्रज्ञाला शरीरावरून अनुमान करावें लागतें, आणि सगळा घोटाळा या अनुमानांतच होतो.

आतां आपल्या तिघांकडे वळूं. अठराव्या शतकांत बर्लिन येथें मार्कस एलिएझर ब्लॉख नांवाचा एक यहुदी वैद्य होता. पन्नाशी उलटल्यावर त्याला माशांचा नाद लागला, आणि १७८२ पासून १७९५ पर्यंत त्यानें ४३२ रंगीत चित्रांचा प्रचंड ग्रंथ बारा भागांत प्रसिद्ध केला. त्याला हिंदुस्थानांतले मासे कोण पुरवीत असे? मद्रासच्या दक्षिणेस तरंगंबाडी ही डेन्मार्कची वसाहत होती; तेथें क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन नांवाचा मिशनरी राहत असे. तो मासे जतन करून बर्लिनला पाठवी. किती महिन्यांच्या प्रवासानंतर ते पोंचत असतील, आणि मूळच्या रंगापैकीं त्यांच्या अंगावर काय उरत असेल, याची कल्पनाच करावी. ब्लॉखनें १७९५ सालीं काळ्या माशाला ‘स्ट्रोमॅटियस नायगर’, म्हणजे काळा पापलेट, असें नांव दिलें. आकार वाटोळा व चपटा, पोटाखालचे पर नाहींत. तेव्हां त्याला पापलेटांच्या कुलांत घालणें स्वाभाविकच होतें.

परंतु हलव्याच्या शेपटीजवळ, जेथें अंग अगदीं अरुंद होतें तेथें, बाजूनें बोट फिरवून पाहावें. कठीण, धारदार खवल्यांची एक लहानशी रांग बोटाला लागते. सरंग्याला किंवा कापरीला ती नसते. ही रांग ‘कॅरँजिडी’ नांवाच्या अगदीं निराळ्या कुलाची खूण आहे. दुसरा पुरावा बाल्यावस्थेंतला. हलव्याचें पिल्लूं वीतभराहूनहि लहान असतें तेव्हां त्याला पोटाखालचे पर असतात. वय वाढतांना ते नाहींसे होतात. तिसरा पुरावा घशांतला. खऱ्या पापलेटाच्या घशांत कल्ल्यांच्या मागें दंतुर उंचवट्यांनीं भरलेली एक पिशवी असते, तींत मऊ, बुळबुळीत भक्ष्य फाडलें जातें. हलव्याला ती पिशवीच नाहीं. तात्पर्य, हलवा हा पापलेटांचा भाऊ नव्हे, चुलतभाऊहि नव्हे. आज त्याचें नांव ‘पॅरास्ट्रोमॅटियस नायगर’ असें आहे. ब्लॉखनें दिलेला ‘काळा’ हा शब्द तेवढा राहिला, आडनांव बदललें.

येथें एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. १८०३ सालीं पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्यानें विशाखापट्टणच्या दोनशें माशांचा सचित्र ग्रंथ छापला, व त्यांत तेथील कोळ्यांचीं तेलुगू नांवें मोठ्या आस्थेनें टिपून ठेवलीं. तेलुगू कोळी पांढऱ्या पापलेटाला ‘तेल्ल चंदुवा’ व काळ्याला ‘नल्ल चंदुवा’ म्हणतात. म्हणजे पांढरा चंदुवा आणि काळा चंदुवा. इंग्रजीनेंहि तेंच केलें. आमच्या मराठी कोळ्यानें मात्र काळ्या माशाला पापलेटाचें नांव दिलें नाहीं. त्याला ‘हलवा’ हें स्वतंत्र नांव दिलें. कापरीलाहि वेगळें नांव दिलें. भिंगाशिवाय, बोटाच्या व जिभेच्या अनुभवावर केलेली ही वांटणी प्राणिशास्त्राशीं तंतोतंत जुळते. इंग्रजी नांवानें माल विकावयास बसलेल्या शहरी दुकानांत काळ्या पॉम्फ्रेटाच्या नांवावर हलवा मागणारा गृहस्थ मराठींत बोलता तर निदान नांवापुरता तरी फसला नसता.

सरंगा व कापरी हे मात्र खरे भाऊ. दोघेहि ‘पॅम्पस’ प्रजातीचे. दोघांनाहि पोटाखालचे पर नाहींत; दोघांचेंहि कल्ल्यांचें द्वार म्हणजे मानेच्या बाजूला एक आंखूड उभी फट. यांना वेगळें करण्याच्या खुणा तीन. पहिली शेपटी. सरंग्याची शेपटी खोल दुभंगलेली असून तिचा खालचा फांटा वरच्यापेक्षां लांब असतो. कापरीची शेपटी जेमतेम दुभंगलेली. दुसरी खूण पाठीवरचा व पोटाखालचा लांब पर. सरंग्याच्या परांचें पुढचें टोंक कोयत्यासारखें वांकून मागें जातें. कापरीचें तसें जात नाहीं. तिसरी खूण शास्त्रज्ञाला अधिक प्रिय. सरंग्याच्या या परांच्या पुढें कातडींत अर्धवट दडलेल्या, दोन्हीं टोंकांना अणकुचीदार अशा पांच ते दहा चपट्या पात्या असतात. कापरीला त्या नसतात. परांचीं टोंकें बर्फांत तुटतात, शेपटी वाहतुकींत झिजते, पण पात्या जागच्या जागीं राहतात, म्हणून त्यांचें महत्त्व.

एवढें झाल्यावर प्रकरण मिटावयास हवें होतें. मिटलें नाहीं, कारण ‘सरंगा’ या एकाच नांवाखालीं समुद्रांत किती भाऊ आहेत हें कोणी नीट मोजलेंच नव्हतें.

१७८८ सालीं युफ्रासेन या स्वीडिश पंडितानें चीनच्या बाजूकडून आलेल्या माशांवरून दोन नांवें दिलीं होतीं. एक ‘अर्जेंटियस’, म्हणजे चंदेरी. दुसरें ‘चायनेन्सिस’, म्हणजे चिनी. हा दुसरा म्हणजे आपली कापरी. पुढें १८२९ सालीं फ्रान्सचा विख्यात प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यानें हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या पापलेटाला ‘कँडिडस’, म्हणजे शुभ्र, असें निराळें नांव दिलें. क्युव्हिएचें वर्णन अगदीं त्रोटक होतें. नंतरच्या ग्रंथकारांनीं विचार केला कीं, चंदेरी काय आणि शुभ्र काय, मासा एकच असावा. प्राणिनामांचा नियम असा आहे कीं, एकाच जातीला दोन नांवें पडलीं असतील तर जुनें नांव ग्राह्य, नवें रद्द. तेव्हां ‘कँडिडस’ बाद झालें, आणि जपान-चीनपासून अरबी समुद्रापर्यंतच्या सगळ्या रुपेरी पापलेटांवर ‘अर्जेंटियस’ ही एकच पाटी लागली. पाठ्यपुस्तकांत, सरकारी अहवालांत, निर्यातीच्या कागदांत, सर्वत्र हेंच नांव चाललें.

यांत त्या पंडितांना फार दोष देतां येणार नाहीं. संग्रहालयांतला मासा मद्यार्कांत वर्षानुवर्षें ठेवला कीं सगळे एकसारखे पिंगट दिसतात. शिवाय चीनचा नमुना एका शहरांत, हिंदुस्थानचा दुसऱ्या शहरांत. दोन्हीं एका टेबलावर ठेवून पाहण्याचा योग क्वचित्. ज्यानें हिंदुस्थानचे मासे सर्वांत अधिक पाहिले तो फ्रान्सिस डे हा मद्रासच्या लष्करी सेवेंतला शल्यवैद्य. १८७५ ते १८७८ या काळांत निघालेला त्याचा ‘हिंदुस्थानचे मासे’ हा इंग्रजी ग्रंथ आजहि अभ्यासकांच्या हाताशीं असतो. परंतु लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील माशांचा अधिकारी ग्युंथर याच्याशीं त्याचें बिनसलें, आणि १८८३ सालीं त्यानें आपल्या संग्रहाचा मोठा भाग थेट ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या संग्रहालयास विकला! दोन विद्वानांच्या भांडणामुळें आपल्या किनाऱ्यावरच्या माशांचे मूळ नमुने पाहावयाचे तर सिडनी गांठावी लागते. भाऊबंदकी काय ती आपल्याच घरांत असते असें नाहीं.

मोजणी किती उपयोगी व कोठें अपुरी, हें सुरमईच्या उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. आणि हें उदाहरण सरंग्यापेक्षांहि अधिक व्यवहाराचें आहे. आपल्याकडे सुरमई म्हणून जी येते तींत मुख्यतः तीन जाती असतात. एकीच्या अंगावर नागमोडी उभे पट्टे, दुसरीच्या अंगावर वाटोळे ठिपके, तिसरीच्या अंगावर तुटक आडव्या रेघा. वाचतांना सोपें वाटतें. परंतु पट्ट्यांच्या सुरमईचे पट्टे कधीं कधीं पोटाकडे तुटून ठिपके होतात, आणि लहानपणीं तिला पट्टेहि थोडेच असतात. अशा वेळीं अंगाच्या बाजूनें डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी बारीक रेषा पाहावी. पट्ट्यांच्या सुरमईंत ही रेषा पाठीवरच्या दुसऱ्या पराखालीं एकदम खालीं वळते; ठिपक्यांच्या सुरमईंत ती हळूहळू उतरते, आणि तिच्या पुढच्या भागास बारीक बारीक फांटे फुटलेले असतात. तरीहि शंका राहिली तर कल्ला उघडून पहिल्या कमानीवरचे फणीसारखे दांते मोजावे. पट्ट्यांच्या सुरमईंत ते फार तर आठ. ठिपक्यांच्या सुरमईंत आठ ते चौदा. आठ दांते निघाले तर? मग पुन्हां रेषेकडे या! एका खुणेवर निकाल देऊं नये, हा या शास्त्राचा पहिला धडा, आणि ‘आठ’ हा आंकडा तो चांगला शिकवितो.

यांत व्यवहार कोणता? ठिपक्यांची सुरमई पूर्ण वाढली तरी पाऊण मीटरच्या आसपास थांबते; पट्ट्यांची दोन मीटरांच्याहि पलीकडे जाते. म्हणजे अर्ध्या मीटरची सुरमई पाटींत पडली असेल तर ती एका जातीची असल्यास चार पिलावळींची आजी असूं शकेल, आणि दुसऱ्या जातीची असल्यास अद्याप एकदांहि अंडीं न घातलेली कुमारिका. दोघींना एकच माप लावून नियम केला तर एकीवर विनाकारण बंदी येते किंवा दुसरीचा वंश बुडतो.

कांहीं माशांच्या बाबतींत बाहेरून पाहून भागतच नाहीं. घोळ, कोथ, ढोमा या मंडळींचें कुल असेंच. रुपेरी-करडें अंग, पाठीवर मध्यें खांच असलेला पर, सगळे एका सांच्यांतले. यांची वर्गवारी लावण्यांत एथेलविन ट्रेवावस या ब्रिटिश विदुषीचा मोठा वांटा आहे. १९७७ सालीं, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास, तिनें हिंदी व पश्चिम पॅसिफिक महासागरांतल्या या कुलावर ग्रंथ लिहिला. तिनें मुख्य भर दिला तो दोन आंतल्या अवयवांवर. एक म्हणजे कानांतला खडा. माशाच्या डोक्यांत तोल सांभाळण्यासाठीं चुन्याचे खडे असतात. या कुलांत ते चांगले मोठे असून प्रत्येक जातीच्या खड्याची घडण निराळी. दुसरा अवयव म्हणजे पोटांतली हवेची पिशवी, जिला आपले कोळी ‘बोत’ म्हणतात. घोळीच्या बोताच्या दोन्हीं बाजूंना झाडाच्या मुळ्यांसारख्या शाखा फुटलेल्या असतात. कोथाच्या बोताला लांब नळ्यांची एकच जोडी. हा बोत वाळवून चीनकडे मोठ्या किंमतीला जातो, म्हणून कोळ्यांना तो फार पूर्वींपासून परिचयाचा. लंडनच्या विदुषीनें जें भिंगाखालीं पाहिलें तें आमच्या बंदरावर सुरीनें रोज उघडलें जात होतें, मात्र तेथें मोल तराजूनें ठरत होतें.

आणखी एक जातीचा घोटाळा, जो वाचकभगिनींना विशेष मौजेचा वाटेल. प्रवाळांच्या खडकांत राहणारे पोपटमासे म्हणून एक रंगीबेरंगी कुल आहे. त्यांच्यांतली मादी बहुधा मळकट लाल-तपकिरी, नर झगझगीत हिरवा-निळा. आणि पुष्कळ जातींत मोठेपणीं मादीचाच नर होतो व रंगहि पालटतो. युरोपांतल्या पंडितांनीं बाटल्यांतले नमुने पाहून नवऱ्याला एक नांव, बायकोला दुसरें नांव, आणि रंग पालटतांना मध्येंच सांपडलेल्याला तिसरें नांव देऊन ठेवलें. पुढें पाणबुड्यांनीं खालीं जाऊन प्रत्यक्ष पाहिलें तेव्हां या नांवांची मोठीच छाटणी झाली. पापलेटांत दोन जातींना एक नांव पडलें होतें. येथें एका कुटुंबाला तीन आडनांवें.

पापलेटाचा निकाल शेवटीं लागला तो डीएनएच्या परीक्षेनें. कॅनडाचे पॉल हेबर्ट यांनीं २००३ सालीं सुचविलें कीं, पेशींतल्या सूत्रकणिकांमध्यें असलेल्या एका ठराविक जनुकाचा सुमारें ६५० अक्षरांचा तुकडा सर्व प्राण्यांत वाचावा व ताडून पाहावा. या लिपीचीं अक्षरें फक्त चार. एकाच जातीच्या दोन व्यक्तींत हा तुकडा जवळजवळ सारखा असतो. भिन्न जातींत पाठभेद वाढतात. सूत्रकणिका आईकडूनच येतात, तेव्हां ही वंशावळ मातृकुलाची. २००५ सालीं ऑस्ट्रेलियांत २०७ जातींच्या माशांवर हा प्रयोग झाला, आणि सर्व जाती वेगळ्या ओळखतां आल्या. डोकें, शेपटी, कातडी कांहीं नसलेल्या नुसत्या तुकडीवरहि ही परीक्षा चालते, हा तिचा मोठा गुण.

तिला एक मर्यादा मात्र आहे. तुकडा वाचून झाला कीं तो ज्या भांडारांतल्या नोंदींशीं ताडावयाचा, त्या नोंदींवरचीं नांवें कोणी तरी माणसानेंच घातलेलीं असतात. भारतीय पापलेट ‘अर्जेंटियस’ या नांवानें भांडारांत जमा झालेला असेल, तर पुढचा भारतीय पापलेटहि निमूटपणें ‘अर्जेंटियस’च ठरेल. म्हणून नुसतें यंत्र पुरत नाहीं. जुना ग्रंथ, जुना नमुना आणि नवा तुकडा तिन्हीं एकत्र वाचावे लागतात. आपल्याकडील शास्त्रज्ञांनीं, मुख्यतः कोची येथें, हेंच केलें. २०१७ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, आपल्या समुद्रांतला रुपेरी पापलेट व चीनकडचा खरा ‘अर्जेंटियस’ यांच्यांतले पाठभेद सामान्य नाहींत. दोन स्वतंत्र जातींत असावे तितके ते आहेत. मग २०१९ सालीं त्यांनीं आपल्या माशाचें नव्यानें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. नवें नांव शोधण्याची गरज पडली नाहीं. क्युव्हिएचें १८२९ सालचें ‘कँडिडस’ एकशेंनव्वद वर्षें बाद होऊन पडलें होतें. तेंच पुन्हां उठवून कामाला लावलें. उत्तर हिंदी महासागरांतला आपला सरंगा म्हणजे ‘पॅम्पस कँडिडस’.

नांव बदलल्यानें कोळणीच्या पाटींतला भाव बदलत नाहीं, हें खरें. परंतु मासा किती वर्षांचा झाला म्हणजे वयांत येतो, कोणत्या महिन्यांत अंडीं घालतो, किती वाढतो, हे आंकडे पुष्कळदां परदेशच्या पुस्तकांतून उचलले जातात. तेथल्या ‘अर्जेंटियस’चे आंकडे येथल्या ‘कँडिडस’ला लावणें म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाची पत्रिका पाहून आपल्या मुलाचा मुहूर्त काढण्यासारखें आहे. चीनकडे पापलेट मुबलक आहे म्हणून आपल्याकडचा कमी झाला तरी जात सुरक्षित आहे, असेंहि आतां म्हणतां येणार नाहीं. आपला मासा संपला तर तो आपल्या समुद्रापुरता संपला, तेथून भरून निघण्याजोगा तो नाहीं.

आणि तो कमी होत आहे, याला पुरावा शोधावयास दूर जावयास नको. मोठा सरंगा वाहत्या जाळ्यांत सांपडतो, तर त्याचीं तळहाताएवढीं पिल्लें खाड्यांच्या तोंडाशीं लावलेल्या डोल जाळ्यांत इतर बारीक मासळीबरोबर येतात आणि वाट्यांनीं विकलीं जातात. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें पापलेटासह अनेक जातींना पकडण्याजोग्या किमान लांबीची मर्यादा घालून दिली. आतां लांबी म्हणजे कोणती, येथें पुन्हां मत्स्यशास्त्र आडवें येतें. तोंडापासून शेपटीच्या टोंकापर्यंत ती एक, तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत ती दुसरी, आणि तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत ती तिसरी. कापरीची शेपटी आंखूड, त्यामुळें तिच्यांत पहिल्या दोहोंत फरक थोडा पडतो. सरंग्याचा खालचा फांटा लांबच लांब, म्हणून त्याच्यांत तो चांगला बोटभर पडतो. आणि बर्फांत तो फांटा मोडला असेल तर बंदरावर पट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसानें काय करावें, तें त्याचें त्यालाच ठरवावें लागतें.